न पेरता पेरून पाहिलेले हंगाम

सन १९७२. बारामतीच्या जिरायत पट्ट्यात, सुप्याजवळच्या माळावर तुम्ही उभे आहात. पायाखाली तापलेला मुरूम. समोर दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं. त्यांतल्या अनेकांची स्वतःची जमीन आहे, पण तिच्यात यंदा काही उगवलेलं नाही. सुकडी वाटायची वेळ झाली आहे. शेजारी बसलेले एक आजोबा हातोडी खाली ठेवतात आणि म्हणतात, “आठ रोज घाई केली. पेरलं, अन् पाऊस गेला. दुबार पेरायला बी कुठलं?”

आठ दिवस अंदाज चुकला आणि वर्ष हातचं गेलं. तिकडे नीरा डाव्या कालव्याखाली पाणी आहे, तर तिथली चूक वेगळी. पाटाचं पाणी जास्त झालं की जमीन खारवट होते, चोपण होते आणि ते पुढच्या पिढीला निस्तरावं लागतं. नुकतंच, १९७१ साली, आप्पासाहेब पवारांनी इथे कृषी विकास प्रतिष्ठान उभं केलं आहे. पण प्रयोग करायचा म्हटला तरी तो खऱ्या मातीत, खऱ्या हंगामात करावा लागतो आणि फसला तर हंगाम परत मिळत नाही.

आता सात वर्षं मागे या. १९६५, नेदरलँड्समधलं वागेनिंगन. सी. टी. डी विट हे शास्त्रज्ञ पिकाच्या पानांच्या एकेका थराचा हिशेब मांडत आहेत. सूर्य किती वर आहे, ऊन किती झिरपतं, त्यातून पीक किती अन्न तयार करतं, ही आकडेमोड ते संगणकाकडून करून घेतात. तिथे ना माती आहे, ना बी. तरी तुमच्यादेखत एक पीक आकड्यांमध्ये वाढू लागतं.

१९६८, अमेरिकेतलं हार्वर्ड. आयव्हन सदरलँड छतापासून टांगलेलं एक जड यंत्र तुमच्या डोक्यावर चढवतात. डोळ्यांसमोर उजळ रेषांचा घन तरंगू लागतो. मान वळवा, त्याची दुसरी बाजू दिसेल. आज मुलं खेळताना डोळ्यांवर लावतात त्या हेडसेटचा हा पूर्वज. एका संशोधकाने निसर्गाचं वागणं गणितात बसवलं, दुसऱ्याने गणितातलं जग डोळ्यांना दाखवलं. आभासी जगावरचं पुढचं बरंचसं संशोधन या दोन पायांवर उभं राहिलं.

१९९१. दक्षिण आफ्रिकेत उसाच्या वाढीचं संगणकी प्रारूप प्रसिद्ध होतं, पुढे ‘केनग्रो’ म्हणून ते जगभर वापरलं जातं. त्याच साली पुण्यात सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा भारताचा पहिला महासंगणक तयार होतो. ऊस इथेही आहे आणि आता मोठी आकडेमोडही इथे होऊ लागली आहे. दोन्ही एका बांधावर यायला मात्र तीसहून जास्त वर्षं लागणार आहेत.

२००२, येल विद्यापीठाचं रुग्णालय. पित्ताशय काढायला शिकणाऱ्या १६ निवासी डॉक्टरांपैकी अर्ध्यांनी आधी आभासी शस्त्रक्रियेवर हात बसवला आहे. खऱ्या रुग्णावर त्यांचा हात २९ टक्के लवकर चालतो आणि बाकीच्यांच्या चुका त्यांच्या सहापट भरतात. शिकताना व्हायच्या बहुतेक चुका पडद्यावर होऊन गेल्या, त्या रुग्णाच्या पोटात झाल्या नाहीत.

आता बारामती एमआयडीसीत या. पियाजिओच्या तीनचाकी जिथे बनतात, भारत फोर्जचा कारखाना जिथे आहे, त्या रस्त्यावर उभं राहून फोर्जिंगच्या धंद्याचा विचार करा. पूर्वी डाय कापायची, पोलाद तापवून ठोकायचं आणि मग कळायचं, की एका कोपऱ्यात धातू पोचलाच नाही. आज तो ठोका आधी संगणकात बसतो. पडद्यावर लालभडक गोळा पसरतो, कोपरा रिकामा राहतो, इंजिनिअर डायची गोलाई बदलतो आणि पुन्हा ठोकून पाहतो. पोलाद अजून गोदामातच असतं.

तिथून माळेगावकडे वळा. साल २०२४. शारदानगरला कृषी विकास प्रतिष्ठानच्या उसात एका खांबावर छोटं हवामान केंद्र आहे. मुळांजवळ ओलावा मोजणारे सेन्सर पुरलेले आहेत, वरून उपग्रह त्याच उसाची छायाचित्रं घेतो आहे. ही माहिती मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत एकत्र होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाचीही प्रकल्पात साथ आहे. शेताची जणू एक प्रतिकृतीच संगणकात उभी राहते. पाणी कुठे हवं, कुठे नको, रोगाला पोषक हवा आहे का, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळतं. वाफसा आला की नाही, हे आजवर मूठभर माती दाबून ठरायचं. आता त्या मुठीच्या जोडीला आकडा आला आहे. पहिल्या टप्प्यात सुमारे १,००० शेतकरी घेतले आहेत. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेलांनी या कामाचा जाहीर उल्लेख केला.

याचं मोल कळायला एक साधा हिशेब करा. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, त्यामागून एक खोडवा धरला की अडीच वर्षं गेली. चाळीस वर्षं शेती केली तरी लागण करायला मिळते सोळा वेळा. लागणीची तारीख, बेणं, सरीतलं अंतर, खताची मात्रा, पाण्याची पाळी, हे सगळं सोळा संधींत शिकायचं! प्रारूपात तोच ऊस हजार वेळा लावून पाहता येतो, आणि ९९९ वेळा बिघडला तरी कुणाचं घर बसत नाही. आभासी जगाकडून शेतकऱ्याला मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे: चुकायची मुभा. श्रीमंतांकडे ती पहिल्यापासून होती.

पण हे प्रारूप जिथल्या मातीवर शिकतं, तिथलंच खरं सांगतं. कालव्याखालच्या काळ्या रानावर तयार झालेलं गणित सुप्याच्या मुरमाला किंवा इंदापूरच्या कोरडवाहू बाजरीला तसंच्या तसं लागू पडणार नाही. म्हणून सेन्सरचे पुढचे खांब जिरायतात रोवले जावेत, तेही सार्वजनिक खर्चाने, कारण चूक ज्याला सर्वांत महाग पडते त्याच्याच खिशात त्यासाठी पैसे नसतात. सल्ला खरा ठरला की खोटा, हे तोड झाल्यावर एकरी किती टन भरला यावरूनच कळेल; तो आकडा शेतकऱ्याकडून प्रणालीत परत जायलाच हवा. त्या आकड्यामागे त्याचे अठरा महिने आहेत. तेव्हा त्या माहितीवरचा पहिला हक्कही त्याचाच असला पाहिजे, आणि हे त्याच्याशी करार होतानाच, स्वच्छ मराठीत, लिहून ठेवलं पाहिजे.