रूसोचा कबुलीजबाब

स्वतःची थोरवी गाणारीं आत्मचरित्रें पुष्कळ आहेत. परंतु आपल्या लाजिरवाण्या कृत्यांची कथा आपल्याच हातानें लिहून ठेवणारा मनुष्य विरळा. फ्रेंच प्रबोधनयुगांतील लेखक जाँ जाक रूसो हा त्यांपैकीं एक होय.

२८ जून १७१२ रोजीं जिनीव्हा शहरांत एका घड्याळजीच्या घरीं त्याचा जन्म झाला. थोड्याच दिवसांत आई वारली. पुढें तो एका कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करूं लागला. १७२८ सालीं एका संध्याकाळीं बाहेरून परततां परततां वेशीचे दरवाजे बंद झाले, आणि मालकाच्या माराच्या भीतीनें तो गांव सोडून चालता झाला. तेव्हां सुरू झालेली वणवण जवळजवळ जन्मभर टिकली.

त्याच वर्षीं त्युरिन शहरांत एका सरदार घराण्यांत नोकरीस असतां त्यानें एक जुनी फीत चोरली, आणि चोरी उघडकीस येतांच मारिओं नांवाच्या निरपराध स्वयंपाकीण मुलीवर आळ घेतला. दोघांनाही घालवून देण्यांत आलें. त्या मुलीचें पुढें काय झालें, हें त्याला कळलें नाहीं. परंतु तिच्या आठवणीनें चाळीस वर्षें त्याची पाठ सोडली नाहीं. हें ओझें उतरविण्याच्या इच्छेनेंच आपण आत्मचरित्रास बव्हंशीं प्रवृत्त झालों, असें तो सांगतो.

१७६२ सालीं त्याचे 'सामाजिक करार' व 'एमील' हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. पॅरिसच्या न्यायसभेनें 'एमील' जाळण्याचा व ग्रंथकर्त्यास पकडण्याचा हुकूम सोडला. जन्मभूमि जिनीव्हानेंही दोन्ही ग्रंथ जाळले. १७६४ सालीं व्हॉल्टेअरनें निनांवी पत्रक काढून त्याचें गुपित फोडलें: बालशिक्षणाच्या या आचार्यानें स्वतःचीं मुलें अनाथालयांत टाकलीं होतीं. पुढील वर्षीं मोतिए गांवीं त्याच्या घरावर दगड पडले. १७६६ सालीं ह्यूमबरोबर तो इंग्लंडांत गेला, तेथेंही भांडण झालें. तेथेंच आत्मचरित्राचीं पहिलीं प्रकरणें आकारास आलीं. २ जुलै १७७८ रोजीं तो वारला. ग्रंथाचा पूर्वार्ध १७८२ सालीं व उत्तरार्ध १७८९ सालीं छापला गेला.

मग हा कबुलीजबाब खरा मानावा काय? फितीच्या प्रकरणीं रूसो आरोपी होऊन उभा राहतो. पांच मुलांच्या प्रकरणीं मात्र, खेद व्यक्त करूनही, तो स्वतःचा वकील होतो. दारिद्र्य, लोकापवाद, मुलांचें हित, अशीं एकामागून एक कारणें पुढें करतो. परंतु ज्या पुराव्यावरून वाचक त्याला दोषी ठरवितो, त्यांतील बहुतेक पुरावा त्यानें स्वतःच वाचकाच्या हातीं दिला आहे, हेंही न्यायासनावर बसणाऱ्यानें विसरूं नये.