खनिजाची पारख

संगणकावरच्या खेळांत हत्यार घडवायचे असेल तर आधी खनिज निवडावे लागते. भाच्याच्या कृपेने हे शास्त्र मलाही थोडेबहुत कळू लागले आहे. २०११ साली आलेल्या 'टेरारिया' या खेळात आकाशातून उल्का पडते. तिच्या खनिजाला नुसता स्पर्श झाला तरी माणूस पोळतो, पण त्याच धातूचे चिलखत पुरते अंगावर चढवले की एक ठराविक बंदूक जादूशक्ती न खर्चता चालवता येते. 'माइनक्राफ्ट'मध्ये २०२० साली नेदराइट नावाचा धातू आला. त्याचे खनिज पाताळातून आणायचे, ते सोन्याशी मिसळायचे, आणि मग त्याची वस्तू लाव्ह्यात पडली तरी जळत नाही, वर तरंगते. मुलांना यात काही नवल वाटत नाही. मोठी माणसे 'सगळे काल्पनिक' म्हणून मोकळी होतात.

मला मात्र यातले काल्पनिक नेमके किती, असा प्रश्न पडतो. लाव्ह्यावर तरंगणारी तलवार सोडून देऊ. पण अमुक जागेच्या खनिजाला अमुक गुण असतो, आणि हत्यार घडवणाऱ्याने तो आधी ओळखला पाहिजे, ही कल्पना खेळ रचणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. ती लोहारांची आहे. तिच्या जोरावर आपल्या दख्खनचे पोलाद कित्येक शतके इराण-अरबस्तानापर्यंत विकले जात होते.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना असे गुण मोजून मांडायची हौस फार. तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा 'रसरत्नसमुच्चय' लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार सांगतो. कांताचे पुन्हा पाच: भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमक. पहिला लोखंडाला फिरवतो, दुसरा चिकटून धरतो, तिसरा ओढतो, चौथा वितळवतो, आणि पाचवा फोडला तर त्यातून केसांसारखे तंतू निघतात. खेळातल्या खनिजांची यादी यापेक्षा वेगळी ती काय असते? यातला 'तीक्ष्ण' शब्द तर आपल्या घरात अजून नांदतो आहे. कोकणीत पोलादाला 'तिखें' म्हणतात, जुन्या मराठीतही म्हणत, आणि ते याच तीक्ष्णाचे अपत्य. 'पोलाद' हा शब्द फारसीतून नंतर आला.

आता उल्केकडे वळू. १६२१ साली जालंधर परगण्यात मोठा आवाज होऊन आकाशातून एक तापलेला गोळा पडला. तिथल्या आमिलाने जमीन खणून तो काढला आणि बादशहा जहांगीरकडे पाठवला. जहांगीरने आपल्या आठवणींत हे सविस्तर लिहून ठेवले आहे. त्याने तो धातू उस्ताद दाऊद या नावाजलेल्या कारागिराला दिला आणि त्याची हत्यारे करायला सांगितली. उस्तादाने सांगितले की हे लोखंड घणाखाली टिकत नाही, तुकडे पडतात. तेव्हा तीन भाग उल्का आणि एक भाग साधे लोखंड असे मिश्रण करून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी तयार झाली. बादशहाने पात्याची परीक्षा पाहिली. पाते वाकवले तर वाकत होते, सोडले की सरळ होत होते. त्याची तुलना त्याने येमेनी आणि दक्षिणी तलवारींशी केली आहे. त्यातला एक नग आज वॉशिंग्टनच्या फ्रीर कलादालनात आहे.

या हकिगतीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक तर आकाशातून पडलेला धातू एकटा कामाला आला नाही, त्याला जमिनीवरच्या लोखंडाची सोबत लागली. आणि दुसरे म्हणजे, स्वर्गातून आलेल्या पात्याला चांगले म्हणायचे तर बादशहाला उपमा सुचली ती दक्षिणेच्या पोलादाची.

हे दक्षिणेचे पोलाद म्हणजे ज्याला इंग्रजांनी 'वुट्झ' म्हटले ते. कानडी-तेलुगूतल्या 'उक्कु' या शब्दाचे ते बिघडलेले रूप. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि वनस्पती घालून तासन्‌तास भट्टी फुंकायची, मग मूस सावकाश निववून फोडायची, की आत पोलादाची वडी मिळे. म्हैसूर-सेलमकडे मुशीत तरवडाचे लाकूड आणि वर रुईची पाने घालत. तीच रुई, जिच्या माळा आपण शनिवारी मारुतीला घालतो. या वड्यांपासून घडवलेल्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. फारसीत तिला जौहर म्हणत. युरोपीय लोकांनी ती पाती दमास्कसच्या बाजारात पाहिली आणि नाव दमास्कसचे झाले. माल कुठला आणि नाव कुणाचे, ही तक्रार आपल्याकडे जुनीच आहे.

खनिज निवडण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रमचा आहे. निजामाबादचे जुने नाव इंदूर, आणि मराठवाड्याची वेस तिथून फार लांब नाही. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हेन्री व्हॉयसी नावाचा भूशास्त्रज्ञ होता. तो १८२४ मध्ये वारला. त्याने कोनसमुद्रमची भट्टी पाहून लिहिलेले टिपण १८३२ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. त्यात तो सांगतो की तिथले कारागीर एकच लोखंड वापरत नसत. मिर्तपल्लीचे लोखंड तीन भाग आणि कोंडापूरचे दोन भाग, असे ठरलेले प्रमाण होते. मिर्तपल्लीचे लोखंड काळ्या लोहवाळूपासून केलेले, तर कोंडापूरचे तांबूस जांभ्यासारख्या लोहमातीपासून. इराणचे व्यापारी ही वडी विकत घ्यायला खुद्द कोनसमुद्रमला येऊन राहत. इस्फहानचा एक हाजी तर मुशीत काय किती पडते आहे यावर स्वतः नजर ठेवून होता. पैसे त्याचे गुंतलेले होते, आणि प्रमाण चुकले तर जौहर उमटणार नाही हे त्याला माहीत होते. का उमटणार नाही, हे ना त्याला माहीत होते ना भट्टीवाल्याला.

ते 'का' शोधायला युरोपला पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वुट्झचे नमुने लंडनला पाठवले, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. पुढे विजेसाठी प्रसिद्ध झालेला मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. त्यानेही १८१९ पासून याच पोलादावर डोके चालवले, आणि गुणाचे कारण म्हणून भलत्याच घटकांकडे बोट दाखवले. पॅरिसला ब्रेआँ, उरल पर्वतात झ्लातऊस्तला अनोसोव, असे बरेच जण या नादाला लागले. यात कर्ब भरपूर असतो, दीड टक्क्याच्या आसपास, एवढे कळले. पण कर्ब मोजून घातला तरी नक्षी येईलच असा भरवसा नव्हता.

उत्तर मिळाले ते अमेरिकेत. आयोवा राज्य विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होव्हन आणि फ्लॉरिडातला एक घोड्यांना नाल मारणारा, तलवारी घडवणारा लोहार आल्फ्रेड पेंड्रे, अशी ही जोडी. त्यांनी स्वित्झर्लंडच्या बर्न संग्रहालयातल्या जुन्या पात्यांचे तुकडे तपासले आणि स्वतः मुशी लावून पाहिल्या. १९९८ साली त्यांनी मांडले की नक्षीचे मूळ खनिजातल्या अत्यल्प भेसळीत आहे, मुख्यतः व्हॅनेडियम या धातूत. शंभर किलो पोलादात तीन-चार ग्रॅम व्हॅनेडियम असले तरी पुरते. पाते पुन्हा पुन्हा तापवून ठोकताना त्याच्या आधाराने कर्बाचे कठीण कण ओळीने गोळा होतात, आणि तीच ती लाट. त्यांच्या भट्टीत व्हॅनेडियम आले तेही न सांगताच. कॅनडातल्या एका खाणीच्या धातूपासून केलेले जे लोखंड ते वापरत होते, त्यात ते मुळात होते.

म्हणजे दख्खनचा लोहार जे म्हणत होता ते अक्षरशः खरे होते. या खाणीचे खनिज चालते, त्या खाणीचे चालत नाही. शंभर किलोत तीन ग्रॅम असलेली वस्तू तो जीभ, डोळा आणि घणाचा आवाज यांवरून ओळखत होता. पण खेळ जिथे थांबतो तिथून पुढेही एक पायरी होती. खेळात योग्य खनिज टाकले की गुण आपोआप येतो. इथे वडी हातात आली तरी युरोपचे लोहार ती आपल्या सवयीने पांढरी होईस्तोवर तापवत, आणि घण बसताच तिचा चुरा होई. लाल ते नारिंगी, एवढ्याच रंगात राहून धीराने ठोकायचे, हे खनिजात लिहिलेले नसते.

अठराव्या शतकाच्या मध्यानंतर उत्तम जौहराची पाती विरळ होत गेली, आणि एकोणिसाव्या शतकात विद्या बुडाली. व्हर्होव्हन यांचा तर्क असा की ठराविक खाणी संपल्या, नवीन खनिजात ती भेसळ नव्हती, दोन-तीन पिढ्या लोहार ठोकत राहिले आणि नक्षी येईना. तर्क सुंदर आहे, पण मला एकट्याने पुरेसा वाटत नाही. महाबळेश्वरच्या धावड लोकांचेच पाहा. सह्याद्रीतल्या जांभ्यातून लोखंड गाळणारी ही मुसलमान जमात. तिची भट्टी खनिज संपले म्हणून विझली नाही. जंगलांवर सरकारी बंधने आली, कोळसा महागला आणि विलायती लोखंड स्वस्त झाले. शिवाय १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर तलवार मागणार कोण?

आपल्या गोव्यात तर खनिजाचा डोंगर उशाला. लोखंडावर हात बसलेले कारागीरही होते. इथल्या बंदुका बोहेमियाच्या तोडीच्या आहेत असे अल्बुकर्कने १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवले होते. गेल्या शतकात डिचोली, सांगे, सत्तरीचे खनिज बार्जांतून मुरगावला आणि तिथून जपानला जाऊ लागले. जपानमध्ये पारंपरिक तलवारीसाठी अजूनही स्वतःची लोहवाळू वापरतात. शिमाने प्रांतात १९७७ साली त्यासाठी जुन्या पद्धतीची तातारा भट्टी मुद्दाम पुन्हा पेटवली. आपले खनिज तिथल्या कारखान्यांच्या उंच भट्ट्यांत गेले. करारपत्रावर त्याची ओळख म्हणजे लोहाचा टक्का, आणि खाली वजावटीसाठी सिलिका, अॅल्युमिना, फॉस्फरस. पुढे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा वाद झाले ते टनांचे, लीजांचे आणि ट्रकांच्या हप्त्यांचे. ज्यांची चूल त्यावर होती त्यांना दुसरे काय सुचणार? पण एवढ्या वर्षांत अमुक डोंगराच्या खनिजाचा अमुक गुण, असे बोलणे माझ्या तरी कानावर आले नाही.

कोनसमुद्रमला भट्टी नाही. २०१० साली बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने आणि इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाने उत्तर तेलंगणाची गावोगाव पाहणी केली, तेव्हा त्यांना शेताबांधांवर मळीचे ढीग आणि फुटलेल्या मुशींचे तुकडे जागोजाग सापडले.