प्रतीक्षेचा अंत : एचआयव्ही उपचारांची तीन दशके

एचआयव्हीवरील उपचारांचा इतिहास औषधांचा जितका आहे, तितकाच तो प्रतीक्षेचाही आहे. उपचार केव्हा सुरू करावा, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची सुमारे तीस वर्षे गेली. त्या उत्तरावर अगणित कुटुंबांचे भवितव्य अवलंबून होते.

प्रारंभीचा काळ निरुपायाचा होता. १९८१ साली अमेरिकेत या रोगाची प्रथम नोंद झाली, १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला आणि १९८६ साली मद्रास येथे भारतातील पहिली लागण उघडकीस आली. औषधच नव्हते, तेव्हा रुग्णाला एकाकी मरण येऊ नये, एवढेच करणे हाती होते. १९८५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस मदर तेरेसांनी न्यूयॉर्क शहरात एड्सग्रस्तांसाठी आश्रयगृह उघडले. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन हे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. परंतु एकट्या औषधाला विषाणू लवकरच दाद देईनासा होई.

१९९६ साली व्हँकुव्हर येथील जागतिक परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे निष्कर्ष जगापुढे आले. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामावर जाऊ लागली. ‘लवकर आणि जोरकस उपचार करा’ असे तेव्हा काही संशोधक सांगत होते. पण त्या काळातील औषधे शरीराला जाचक होती. शिवाय विषाणू सुप्त पेशींत दडून राहतो, त्यामुळे औषध जन्मभर घ्यावे लागणार, हे लवकरच ध्यानी आले. म्हणून प्रतिकारशक्ती राखणाऱ्या सीडी-४ पेशी ठरावीक संख्येच्या खाली उतरेपर्यंत थांबावे, असा दंडक पडला. गरीब देशांत तर ही मर्यादा २०० इतकी खाली होती. त्यात वैद्यांची बेपर्वाई नव्हती. हाती असलेल्या ज्ञानावर उभी असलेली ती सावधगिरी होती.

पुढे औषधे सौम्य झाली, स्वस्तही झाली. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात तिन्ही औषधे देऊ केली. भारत शासनाने १ एप्रिल २००४ पासून आठ रुग्णालयांत मोफत उपचार सुरू केले, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते.

मग जुन्या दंडकाचीच परीक्षा झाली. मध्येच औषध थांबविणाऱ्यांत मोठा आजार वा मृत्यू यांचे प्रमाण सतत औषध घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक असल्याचे २००६ मध्ये आढळले. २०१५ मध्ये ३५ देशांतील ४,६८५ रुग्णांच्या अभ्यासाने निर्णायक उत्तर दिले. सीडी-४ पेशी ५०० हून अधिक असताना, म्हणजे प्रकृती ठणठणीत दिसत असतानाच, औषध घेणाऱ्यांत गंभीर आजार वा मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक बाधिताला उपचार द्यावा असे सांगितले. भारताने २०१७ मध्ये ते धोरण स्वीकारले.

तरीही एक विलंब उरलाच होता. निदान झाल्यावर समुपदेशन, तपासण्या, पुन्हा भेटी, अशा खेपांत कित्येक जण पहिली गोळी मिळण्याआधीच दिसेनासे होत. जोहान्सबर्ग येथे त्याच दिवशी औषध देऊन पाहिले, तेव्हा तीन महिन्यांच्या आत शंभरांपैकी ९७ जणांनी उपचार सुरू केला. नेहमीच्या पद्धतीत ७२ जणांनी. हैतीतही त्याच दिवशी औषध मिळालेले रुग्ण वर्षअखेर अधिक संख्येने उपचारांत टिकले. म्हणून २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की, निदानानंतर सात दिवसांच्या आत, आणि रुग्णाची तयारी असल्यास त्याच दिवशी, उपचार सुरू करावा. मेंदूच्या आवरणाच्या दाहाची लक्षणे असल्यास मात्र डॉक्टर आधी त्यावर उपचार करतात.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला मनुष्य आहे. पाणी जवळच होते. त्यात सोडणारा कोणी नव्हता. शास्त्राने आपली प्रतीक्षा संपविली. आपल्या घरांतील प्रतीक्षा संपली आहे काय? ‘शेजारी काय म्हणतील’, ‘मुलीचे लग्न होऊन जाऊ दे’, ‘दुखत तर काहीच नाही’, अशी कारणे आम्हां धर्मगुरूंच्या कानी अजूनही येतात. त्या प्रत्येक कारणापायी जाणारा महिना विषाणूच्या पदरात पडतो.

वाचकहो, शासकीय एआरटी केंद्रांत औषध मोफत मिळते. ते रोग समूळ घालवीत नाही, नित्य घ्यावे लागते. पण ते नियमाने घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका घटला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. गर्भवती मातेने औषध लवकर सुरू केल्यास बाळही बहुधा निरोगी जन्मते. रुग्णाच्या गुप्ततेला व समान वागणुकीला १० सप्टेंबर २०१८ पासून कायद्याचे संरक्षण आहे.

तेव्हा आपल्या धर्मग्रामात कोणाला असे निदान झाले, तर त्याचा इतिहास विचारू नये. त्याच्याबरोबर केंद्रापर्यंत जावे, आणि ते त्याच आठवड्यात जावे.