परसबाग, हिवाळी (पूर्णा, तालुका भिवंडी)

घराच्या मागील दारी, न्हाणीच्या सांडपाण्यावर आणि घरच्या माणसांच्या फावल्या वेळावर जी पोसली जाते ती परसबाग. आणि पाऊस ओसरल्यावर, आश्विनाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत, तिचा जो भाग पिकतो त्यास प्रस्तुत नोंदीत हिवाळी परसबाग असे म्हटले आहे. पूर्णा हे गाव ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, ठाणे–भिवंडी रस्त्याच्या पट्ट्यात, काल्हेर, कोपर, राहनाळ यांच्या शेजारी वसलेले असून, भातशेती हा ज्याचा पूर्वापार व्यवसाय त्या शिवारात आज गोदामांच्या पत्र्यांची रांग उभी आहे. सातबाऱ्यावरचे जिराईत क्षेत्र जसजसे बिनशेती होत गेले तसतशी हाताला माती लागण्याची सवय गावठाणातील परसापुरती, आणि परसही गेले तेथे गच्चीपुरती, उरली. त्यामुळे ही नोंद शेतीची नसून तिच्या त्या उरलेल्या अंशाची आहे.

बागकामावरील बरेचसे छापील मार्गदर्शन थंड मुलखांत लिहिले गेले आहे, आणि ते जसेच्या तसे येथे लागू करणाऱ्याची फसगत ठरलेली. टोरांटोकडे स्थायिक झालेले मराठी कुटुंब मे महिन्यात हिम पडण्याची भीती सरेपर्यंत मिरची-टोमॅटोची रोपे खिडकीत जपून ठेवते, म्हणजे त्याचे सारे पंचांग थंडीच्या शेवटच्या दिवसावर बांधलेले असते. पूर्ण्याच्या माणसास पंचांग मांडावयाचे ते पावसाच्या शेवटच्या सरीवरून. तिकडे रोप आडोशाला ठेवतात ते गारठ्यापासून वाचावे म्हणून, इकडे पावसापासून. उत्तर कोकणच्या या किनारपट्टीत वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत; उलट जानेवारीतील किमान तापमान सर्वसाधारणपणे 16–17 अंश सेल्सियसच्या आसपास राहते. जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेतील नीचांकाची नोंद 22 जानेवारी 1962 या दिवशीची, 7.4 अंशांची आहे. तीही गोठणबिंदूपासून पुष्कळ दूर. महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी क्वचित दव गोठते, परंतु त्यासाठी घाट चढून जावे लागते. खाडीकाठच्या माणसाला थंडी अशी मिळते ती पाहुणी म्हणून, आठ-दहा आठवड्यांपुरती. आणि तिच्या आगमनकाळी रोपटे नेमके कोणत्या वयात असावे, एवढ्या एका तजविजीत येथील हिवाळी बागकामाचे बहुतेक कौशल्य सामावलेले आहे.

ती तजवीज हस्त नक्षत्रापासून, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून, सुरू होते. या सुमारास सरी अवचित कोसळतात, म्हणून कोबी, फ्लॉवर, वांगी, टोमॅटो यांचे बी सपाट जमिनीत न टाकता वीतभर उंच गादीवाफ्यावर, वर प्लॅस्टिकचे छत आणि चारी बाजू मोकळ्या ठेवून, पेरावे. पाणी साचले की रोपे बुडखाशी सडून एका रात्रीत कोलमडतात आणि मग कोणत्याही औषधाचा इलाज चालत नाही. 25 ते 30 दिवसांत रोप लावणीस येते, तोवर चित्रा संपून स्वाती लागलेली असते आणि ऑक्टोबरचा उन्हाचा ताव उतरणीस लागतो. लावणी संध्याकाळी करावी आणि पहिले चार-पाच दिवस रोपावर केळीच्या सोपटाची सावली धरावी. कोबी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांचे वसईचे ठाणे (1534 ते 1739) येथून फार लांब नव्हते. परंतु शब्द रुजला तितक्या सहजतेने गड्डा रुजला नाही, कारण भाजी मुळात थंड देशाची. थंडीतच गड्डा धरणाऱ्या उशिराच्या जाती येथे नुसती पाने वाढवीत बसतात. फ्लॉवरमध्ये ‘पुसा दीपाली’, ‘पुसा कातकी’ यांसारख्या लवकर येणाऱ्या, ऊब सोसणाऱ्या जाती निवडाव्यात. गड्डा दिसू लागताच त्याचीच दोन-तीन पाने मोडून त्यावर पालथी घालावीत, म्हणजे तो उन्हाने पिवळा पडत नाही. मेथी, मुळा, लाल माठ, कोथिंबीर यांविषयी विशेष सांगण्याजोगे काही नाही. एकदम सारा वाफा न पेरता दर दहा दिवसांनी थोडे थोडे पेरीत जावे.

या बागेचा खरा धनी वाल होय. कोकणात भात कापल्यावर खाचरातील ओलीवरच वाल टोकतात, आणि पुढे पाण्याचा एक थेंबही न देता ते पीक जमिनीतली ओल व पहाटेचे दव यांवर फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे राहते. परसातील वेली वालाची तऱ्हा वेगळी. त्याचे बी श्रावणात मांडवाच्या खांबाशी टाकलेले असते. वेल पावसाळाभर बेफाम वाढतो आणि फुलाचे नाव घेत नाही, तेव्हा नवख्या माणसास तो वांझ निघाला असे वाटून उपटून टाकण्याची बुद्धी होते. ती आवरावी. देशी वाल दिवसाची लांबी मोजणारा आहे. रात्र पुरेशी मोठी झाल्यावाचून तो कळी धरीत नाही, आणि कार्तिकात धरतो तेव्हा एका आठवड्यात मांडव पांढऱ्या-जांभळ्या तुऱ्यांनी भरून टाकतो. आभाळ आले की शेंड्यावर काळा मावा बसतो. सुरुवातीस तो बोटांनी पुसून काढणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. हाताबाहेर गेल्यास लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी. कोवळ्या शेंगा भाजीला जातात, जून दाण्यांचे बिरडे होते. आणि आगरी वस्तीत, विशेषतः रायगडाकडे, भांबुर्ड्याचा पाला घातलेल्या मडक्यात याच शेंगा भरून ते मडके उपडे जाळात भाजण्याचा, पोपटी नावाचा, पौष-माघातील रात्रीचा प्रकार आहे, ज्यासाठी घरचा मांडव असूनही माणसे शेजारच्याच मांडवाकडे पाहतात.

दिवसमान मोजण्याची हीच खोड शेवंतीस आहे, आणि गोदामांच्या गावात ती एका अनपेक्षित अडचणीस कारण होते. आवाराच्या भिंतीवर रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा प्रखर झोत पडला तर झाडाच्या लेखी रात्र होतच नाही. कुंडी तशीच हिरवी राहते, फुले लांबणीवर पडतात आणि मालक खत बदलीत बसतो. अशा वेळी खतास हात न लावता कुंडी भिंतीच्या अंधाऱ्या अंगास सरकवावी. झेंडूची याबाबत फारशी तक्रार नसते.

गच्चीवरील बागेस या गावात भांड्यांची ददात नाही: निळी पिंपे, थर्माकोलच्या पेट्या आणि मालाखालची लाकडी पॅलेटे भंगारवाल्याकडे मुबलक मिळतात. मात्र निवड डोळसपणे करावी. ज्या पिंपात पूर्वी काय होते हे विक्रेता सांगू शकत नाही ते भाजीसाठी घेऊ नये. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटावर जाळून उठविलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही रोमन अक्षरे असतील तर लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे, ‘एमबी’ असतील तर त्यास मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, आणि असल्या लाकडाचा वाफा करू नये. सिमेंटची गच्ची दिवसा तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडीत राहते, यामुळे आधीच तोकडी असलेली थंडी तेथे आणखी तोकडी होते. पिंपाखाली दोन विटा ठेवून हवा खेळती केली आणि मातीवर भाताच्या पेंढ्याचे चार बोटे आच्छादन घातले, तर मुळांना पुष्कळ आराम पडतो. ट्रकांच्या रहदारीने उडणारा धुरळा पानांवर बसतो. तो आठवड्यातून एकदा सकाळी पाण्याने धुवावा, संध्याकाळी नव्हे, कारण रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात.

पाण्याविषयी खाडीकाठच्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही, तथापि गोदामाच्या नोकरीनिमित्त बाहेरून येऊन राहिलेल्यांसाठी नमूद करणे इष्ट. खाजणालगतच्या विहिरींचे पाणी पावसानंतर गोड असते आणि उन्हाळ्याकडे मचूळ होत जाते. मातीवर पांढरी पापडी धरू लागली, किंवा घेवड्याच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या, की क्षार वाढला असे समजावे. बीट आणि पालक त्यास बरेच सोसतात; घेवडा, गाजर आणि कांदा सोसत नाहीत, म्हणून ही पिके माघाच्या आत काढून घ्यावीत. नळाच्या गोड्या पाण्याने महिन्यातून एकदा कुंडी तळातून वाहेपर्यंत भिजविली असता साठलेला क्षार धुऊन जातो.

कोबीचे बी घरी धरण्याच्या भरीस पडू नये. त्या झाडांस फुलोऱ्यापूर्वी जी दीर्घ थंडी लागते ती कुलूच्या खोऱ्यात मिळते, पूर्ण्यास नाही, म्हणून ते दरसाल विकतच आणावे लागते. वालाचे बी मात्र घरचेच असावे. मांडवाच्या मध्यावरच्या, किडीचे भोक नसलेल्या शेंगा खूण म्हणून दोऱ्याने बांधून वेलीवरच वाळू द्याव्यात. शिमग्यास मांडव उतरविताना त्या शेवटी काढून, दाणे चार उन्हे देऊन, चुलीची चाळलेली राख चोळून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. डब्यावर वर्ष लिहून ठेवावे.