पुलाकडे वडशाहून

नाटकाचा सिनेमा कसा होतो, हे शिकायला निघालेल्या वाचकाला मी आधी पूर्व विदर्भातल्या वडशाला बोलावीन. धान हाती येऊ लागले की इथल्या नाटक मंडळ्यांची लगबग सुरू होते, आणि मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने झाडीपट्टीच्या चारही जिल्ह्यांत रात्रभर प्रयोग रंगतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या सेवेसाठी. टॉकीज आली, टीव्ही आला, तरी इथे नाटक जिवंत राहिले. म्हणून नाटकाला पडद्यावर जाताना काय गमवावे लागते, ते इथे बसून नीट कळते.

अभ्यासासाठी मी ‘वॉटर्लू ब्रिज’ निवडतो. रॉबर्ट शेरवुड यांचे हे नाटक १९३० चे. पहिल्या महायुद्धातले लंडन, विमानहल्ल्यांची भीती. कोरसमध्ये नाचणारी मायरा काम सुटल्यावर देहविक्रयावर जगते आहे, आणि पुलावर तिला रॉय हा एक भाबडा तरुण सैनिक भेटतो. जेम्स व्हेल यांच्या १९३१ च्या चित्रपटाने ही मायरा बरीचशी तशीच राखली. पुढे १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली. मर्विन लरॉय यांच्या १९४० च्या चित्रपटात व्हिव्हियन लीची मायरा बॅले नर्तकी आहे. आधी ती प्रेमात पडते, मग रॉय युद्धात मेल्याची खोटी बातमी वाचते, आणि त्यानंतर त्या वाटेला लागते. घटनांचा क्रम फिरवला आणि प्रेक्षकाची दया मिळवण्यासाठी मायराला आधी निष्कलंक ठरावे लागले. मला हा बदल भित्रा वाटतो. पण याच चित्रपटाने कथेची सुरुवात ३ सप्टेंबर १९३९ ला, ब्रिटनने पुन्हा युद्ध पुकारल्याच्या दिवशी केली, हे मात्र नाटकाच्या पुढचे पाऊल आहे.

यातला मेणबत्त्यांचा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा. वादक एकेक मेणबत्ती विझवत जातात, दोघे नाचत राहतात, कुणी बोलत नाही. कॅमेरा चेहऱ्याजवळ जाऊ शकतो, म्हणून शब्द सोडता आले. झाडीपट्टीत शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत विरह पोचवायचा तर तो मोठ्याने बोलावा लागेल, बहुधा गावाच लागेल. या दोन गरजांमधले अंतर मोजणे हाच आपला अभ्यासविषय.

तेव्हा आधी शेरवुडची संहिता वाचा, मग दोन्ही चित्रपट ओळीने पाहा, आणि हंगामात वडशाकडे येऊन एक तरी नाटक अगदी मागे बसून पहाटेपर्यंत बघा.