उज्जैनची यादी

आमच्या आजीच्या लेखी उज्जैनला राजा एकच, महाकाल. बाकीचे सगळे येणारे-जाणारे. राज्य करणाऱ्या कुणीही गावाच्या वेशीआत रात्र काढू नये, काढली तर गादी जाते, यावर तिची इतकी श्रद्धा होती की शिंदे सरकार गावाबाहेर कालियादेह महालात का उतरतात, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. उज्जैनमधल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मी हेच ऐकलं आहे. ज्या गावानं इतके धनी पाहिले, त्याला हा आधार लागलाच असणार.

राज्यं मोजायची तिची रीत वेगळी होती. परमार केव्हा संपले, मांडूच्या सुलतानांनंतर मोगल कधी आले, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. अल्तमशाच्या फौजेनं देऊळ पाडलं, पुजाऱ्यांनी लिंग कोटितीर्थाच्या कुंडात दडवलं आणि मग आपली माणसं आली, एवढ्या एका वाक्यात तिची पाचशे वर्षं उलटायची. सवाई जयसिंगानं माळव्याच्या सुभेदारीत बांधलेली वेधशाळा म्हणजे तिच्या दृष्टीनं पोरांनी उन्हात उंडारायला जायची जागा. आपली माणसं म्हणजे राणोजी शिंदे आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर. 1730 नंतर मराठ्यांचा अंमल बसत गेला, रामचंद्रबाबांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं आणि देशावरून माणसं येत राहिली: भिक्षुक, शिलेदार, कीर्तनकार, लिहिणारे. आमचा मूळपुरुष त्यांतलाच, दफ्तरातला कारकून.

एका पावसाळ्यापाशी आलं की मात्र आजीचा आवाज बदलायचा. साल तिला ठाऊक नव्हतं. ‘गर्दीचा वख्त’ एवढंच म्हणायची. तिनं ही गोष्ट तिच्या आजेसासूकडून ऐकली होती आणि आजेसासूनं घरातल्या आणखी जुन्या बाईकडून. ते साल 1801 आणि महिना जुलै, हे मला पुढे पुस्तकांतून कळलं.

राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर हे पहिल्या बाजीराव पेशव्याच्या हाताखाली खांद्याला खांदा लावून माळव्यात आले. उज्जैन एकाकडे, इंदूर दुसऱ्याकडे. मधलं अंतर जेमतेम पंचावन्न किलोमीटर. शेजारी-शेजारी परगणे, एकच भाषा, एकच देव. 1794 मध्ये महादजी शिंदे वानवडीला वारले, पुढच्या वर्षी अहिल्याबाई गेल्या, 1797 मध्ये तुकोजी होळकर. तीन-चार वर्षांत माळव्याची जाणती माणसं संपली आणि महादजींच्या कोवळ्या वयाच्या वारसाच्या, दौलतरावांच्या, हाती हिंदुस्थानातल्या मोठ्या कवायती फौजांपैकी एक आली. होळकरांच्या घरात वारशाचं भांडण लागलं, त्यात दौलतरावांनी हात घातला. पुण्यात त्यांच्या माणसांनी मल्हारराव होळकराला, तुकोजीच्या मुलाला, मारलं. त्याचा भाऊ यशवंतराव निसटला. दुसरा भाऊ विठोजी, त्याला 1801 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावानं पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. इकडे महादजींच्या विधवा बायकाही दौलतरावांविरुद्ध उठल्या होत्या. म्हणजे होळकरांचं घर फुटलेलं, शिंद्यांचं घर फुटलेलं, आणि वर दोन्ही घरं एकमेकांवर धावून गेलेली.

लढाया कुणी जिंकल्या हे इतिहासात सविस्तर आहे. त्यांचा खर्च कुणी दिला, हे शोधावं लागतं. महादजींनी डी बॉयनच्या हातून उभ्या केलेल्या पलटणींना दरमहा रोख पगार लागायचा. जुन्या शिलेदाराला जहागिरीच्या उत्पन्नावर थोपवून धरता येई, पलटणीच्या शिपायाला नाही. खजिना आटला की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत आणि सरदार गावाकडे वळे. यशवंतरावाकडे तर मुळात खजिनाच नव्हता. भिल्ल, पठाण, पेंढारी असं मिळेल त्याला गोळा करून त्यानं फौज बांधली होती आणि ती जगवायची तर एकाच गोष्टीवर, लुटीवर. त्याच्या शौर्याचा मलाही अभिमान आहे. दोन भाऊ गमावलेल्या, वारशातून बाहेर टाकलेल्या त्या माणसानं जे उभं केलं ते थोर आहे. पण त्यासाठी लागलेला पैसा ज्यांच्या घरांतून निघाला, त्या घरांतली मी आहे.

त्या जुलैत यशवंतरावानं उज्जैनपाशी हेसिंग नावाच्या फिरंगी सरदाराच्या शिंदेशाही पलटणी मोडल्या. दौलतराव अजून दक्षिणेकडेच होते. आजीच्या गोष्टीत तोफांचे आवाज नव्हते. होते ते भर पावसात अंगणातलं पेव उकरणारे पुरुष आणि वरून चिखल थापून त्यावर गाय बांधणाऱ्या बायका. तांब्याची भांडी विहिरीत सोडलेली. देव पिठाच्या डब्यात. वयात आलेल्या मुलींच्या तोंडाला चुलीतली काजळी. घरातल्या एका बाळंतिणीला पालखी मिळेना म्हणून तिला तशीच उचलून महाकालाच्या आवारात नेली, आणि आवारात इतकी माणसं होती की तिला पाय लांबवायला जागा सापडली नाही.

शहर जाळलं गेलं नाही. जबर खंडणी मात्र वसूल झाली. खंडणी वसूल करायची तर यादी लागते: कुठल्या आळीत कोण राहतो, कुणाची पेढी आहे, अफूच्या व्यापारात कुणाचे किती गुंतलेत, कुणाच्या घरी लग्न झालं नि किती सोनं घातलं. बाहेरून आलेल्या फौजेला हे कसं ठाऊक असणार? आमच्या घरात सांगतात की आमच्या कारकून पूर्वजाला पटणी बाजारातल्या एका माडीवर नेऊन बसवलं आणि त्याच्या हातून ही यादी लिहवून घेतली. अक्षर सुरेख होतं, गाव पाठ होतं. दोन रात्री तो लिहीत होता. मग त्या यादीबरहुकूम माणसं घरोघर गेली. ज्यांच्याकडून रक्कम उगवली नाही त्यांचे मुलगे ओलीस म्हणून छावणीत नेले.

आजी ही गोष्ट सणावाराला कधी सांगत नसे. एकदा मी विचारलं, आपल्या घराचं नाव होतं का गं यादीत? ती म्हणाली, “लिहिणाऱ्याचं घर लिहिणारा लिहील होय?” आणि तांदूळ निवडायला लागली.

आईचं माहेर इंदूरचं. तिकडच्या आजीकडे दुसरी गोष्ट होती, आणि ती त्याच वर्षातली निघाली. उज्जैनचा सूड म्हणून दौलतरावांनी आपले सासरे सर्जेराव घाटगे यांना इंदूरवर पाठवलं. ऑक्टोबर 1801 मध्ये यशवंतराव हरला आणि इंदूर सर्जेरावाच्या तावडीत सापडलं. राजवाडा जाळला, पेठा लुटल्या. इंदूरची आजी सांगायची, जुन्या इंदुरातल्या त्यांच्या वाड्यातल्या विहिरीचं पाणी पुढे कुणी प्यायलं नाही. विहिरीत काय होतं हे ती मुलांसमोर बोलायची नाही. मोठी झाल्यावर मला सांगितलं: घरातल्या तीन सुना.

याच सर्जेरावानं तीन वर्षं आधी पुण्याचे सावकार पिळले होते, लेकीच्या लग्नाच्या सुमारास. ती लेक म्हणजे बायजाबाई शिंदे. उज्जैनच्या भर बाजारातलं गोपाळमंदिर त्यांनीच बांधलं. दौलतरावांच्या मागे राज्य चालवलं, ते हातून गेलं, देशोधडीला लागल्या, आणि उतारवयात काही वर्षं उज्जैनमध्येच राहिल्या. उज्जैनची आजी त्यांचं नाव फार आदरानं घ्यायची. इंदूरच्या आजीनं मात्र गोपाळमंदिराची पायरी कधी चढली नाही. उज्जैनला आली की महाकाल, हरसिद्धी, चिंतामण सगळं करायची आणि बाजारातून जाताना पदर पुढे ओढून सरळ चालत राहायची. मला दोघींचंही बरोबर वाटतं. बापाचं पाप लेकीच्या देवळाला लावू नये हे खरं. ज्या घरातल्या तीन बायका विहिरीत गेल्या त्या घराला हे ऐकवायचा हक्क कुणालाही नाही, हेही तितकंच खरं.

पुढची सोळा वर्षं कुणाचाच अंमल धड नव्हता. यशवंतरावानं 1802 च्या ऑक्टोबरात पुणं जिंकलं, बाजीराव वसईला पळाला आणि इंग्रजांच्या कराराखाली सही करून बसला. दौलतराव 1810 मध्ये बिऱ्हाड ग्वाल्हेरला घेऊन गेले. राजधानी उठली, बाजारातली गिऱ्हाइकं उठली, उरले पेंढारी. शिंदेशाही पेंढारी वेगळे, होळकरशाही वेगळे, गावाला फरक शून्य. घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून तो माणसाच्या तोंडाला बांधत, पैसे कुठे पुरलेत ते सांगेपर्यंत. मधल्या देवासच्या पवारांना तर शिंदे, होळकर आणि पेंढारी अशा तिघांनीही झोडपलं. 1817 च्या डिसेंबरात उज्जैनच्या उत्तरेला महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांपुढे मोडली. आदल्या दिवशी त्यांच्याच माणसांनी, यशवंतरावामागे होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचं डोकं उडवून धड क्षिप्रेत टाकलं होतं. मग शांतता आली, इंग्रजांची. आजीच्या आजेसासूच्या सासूनं म्हणे त्या वर्षी पहिल्यांदा दाराला आतून एकच कडी लावली.

28 मे 1948 ला दोन्ही घराण्यांची संस्थानं धरून मध्य भारत हे राज्य झालं. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. त्यानंतर थोड्या वर्षांनी आमच्या आईवडिलांचं लग्न ठरलं, तेव्हा दोन्ही घरांत या जुन्या गोष्टी निघाल्याचं आई सांगते, पण देण्याघेण्यापुढे त्या टिकल्या नाहीत.

माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीत मात्र दोघी आज्या एका खोलीत होत्या. अक्षता रंगवताना विहिरीचं निघालं, आणि तेव्हा उज्जैनच्या आजीनं व्याहिणीला यादीचं सांगितलं. आमच्याच माणसानं लिहिली, म्हणाली. इंदूरची आजी बराच वेळ कुंकू कालवत राहिली. मग म्हणाली, “लिहून दिली म्हणून गाव वाचलं तुमचं. आमच्याकडे कुणी लिहायलाच बसवलं नाही.”

“वाचलं ते यादीनं की त्यांच्या मनात जाळायचं नव्हतं म्हणून, कोण सांगणार?” आमची आजी म्हणाली. “ज्यांचे मुलगे नेले ते आमच्याच आळीतले होते. त्यांच्यातल्या एका घराकडून आमच्याकडे अजून हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही.”

तिनं त्या घराचं आडनाव सांगितलं. मला ते माहीत होतं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती.