दहशतवादविषयक जनमत चाचण्यांची विश्वसनीयता : ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेचा दाखला

ताम्रपट अथवा बखर हाताळताना इतिहासाचा अभ्यासक जी साधनचिकित्सा करतो, ती जनमत चाचणीतील टक्केवारीच्या बाबतीत तो क्वचितच करतो. आकडा म्हणजे पुरावाच, असे गृहीत धरले जाते. दहशतवादासारख्या भीतीशी निगडित विषयात हे गृहीतक विशेष फसवे ठरते.

ऑगस्ट २००३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या चाचणीत ६९ टक्के अमेरिकनांनी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांत सद्दाम हुसेन यांचा व्यक्तिशः सहभाग असणे संभवनीय मानले. प्रत्यक्षात १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी अरेबियाचे होते; इराकचा एकही नव्हता. साहजिकच, बुश प्रशासनाच्या प्रचाराने हा गैरसमज निर्माण केला, या मताच्या पुष्ट्यर्थ हा आकडा वारंवार उद्धृत झाला.

तथापि १३ सप्टेंबर २००१ रोजी, म्हणजे हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, ‘टाइम’ साप्ताहिक व सीएनएन यांनी जवळपास हाच प्रश्न विचारला असता ७८ टक्के लोकांनी तसेच उत्तर दिले होते. दोन्ही चाचण्या भिन्न संस्थांच्या असल्याने तुलना जपूनच करावी लागते. पण इराकविरोधी प्रचारानंतर हा संशय वाढला, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. याउलट, हल्ल्यानंतरच्या त्याच दिवसांत ‘यामागे कोण असावे?’ असा खुला प्रश्न केला गेला, तेव्हा इराक वा सद्दाम यांचे नाव आपणहून घेणारे अवघे ३ टक्के होते.

३ आणि ७८ यांतील तफावत नमुना-त्रुटीची नाही. सुमारे १००० व्यक्तींच्या यादृच्छिक नमुन्यात ती त्रुटी अधिक-उणे ३ टक्के एवढीच असते. तफावत प्रश्नाच्या घडणीत आहे. १९९१ च्या आखाती युद्धापासून शत्रू म्हणून परिचित असलेले नाव प्रश्नातच आयते पुढे केले, तर ‘संभवनीय नाही’ असे ठामपणे म्हणणारे थोडेच. शिवाय २००३ मधील ६९ टक्के ही ‘अतिशय संभवनीय’ (३२) व ‘काहीसे संभवनीय’ (३७) यांची बेरीज आहे. निम्म्याहून अधिक उत्तरे कुंपणावरची होती, ही बाब मथळ्यांतून गळाली. स्कॉट अल्थॉस व डेव्हन लार्जिओ यांनी २००४ मध्येच प्रश्नांच्या स्वरूपातील या फरकाकडे लक्ष वेधले होते.

यातून प्रशासन दोषमुक्त होते, असे मात्र नव्हे. संशय त्याने निर्माण केला नसेल. पण तो दूरही केला नाही. हल्ल्यांत सद्दाम यांचा हात असल्याचा पुरावा नाही, हे अध्यक्ष बुश यांनी १७ सप्टेंबर २००३ रोजी स्पष्ट केले, तेव्हा युद्ध सुरू होऊन सहा महिने लोटले होते. त्यापूर्वी जानेवारी २००३ मध्ये ‘नाइट रिडर’ वृत्तसमूहाने संशयाचा नव्हे, तर वस्तुस्थितीचा प्रश्न विचारला होता : अपहरणकर्त्यांपैकी किती जण इराकी होते? ‘बहुतेक’ वा ‘काही’ म्हणणारे ४४ टक्के होते. ‘एकही नाही’ हे अचूक उत्तर १७ टक्क्यांनी दिले.